राहू दे

महालक्ष्म्यांच्या बाबतीत आमच्या सासूबाईंचा एकच कायदा आहे. एकदा मांडलं ते दरवर्षी मांडायचं. वाढवा खुशाल, घटवायचं काही नाही. त्यांच्या सासूने कधीकाळी दोन्ही मुखवट्यांना नथी केल्या, तेव्हापासून नथी. कुणीतरी वरून करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगला, तेव्हापासून फुलोरा. मी नवी नवरी असताना हौसेने फळांच्या परड्या मांडल्या आणि ती हौस चांगलीच अंगाशी आली. भाद्रपदात फळं काय भावाने मिळतात ते ज्याला घ्यावी लागतात त्यालाच विचारा.

"आई, यंदा परड्या नोको मांडू," मी बरंच आधी सांगून ठेवलं. "लाइटच्या माळा जुन्याच लावू. साड्या तेवढ्या नव्या घेऊ."

"वाढवता येते, घटवता येत नाई," सासूबाई म्हणाल्या.

"मंग पैसाबी वाढवा ना तेवढा!"

माझी जीभ अशीच आहे. पार्बताबाईंची सून होऊन मला पुष्कळ वर्षं झाली. त्या माझ्या जिभेला सरावल्या आहेत आणि मी त्यांच्या कायद्याला. त्यांनी तोंड फिरवलं आणि जपाची माळ हातात घेतली.

पैसा वाढणार कुठून? माझा नवरा जीवन आणि धाकटा दीर रोहित, दोघं भाऊ मिळून टेम्पो चालवायचे. मोर्शी, शेंदूरजनाघाटकडून संत्री आणायची आणि अकोल्यात विकायची. मागच्या वर्षी होळीच्या सुमारास रोहित एकटाच गेला होता. वाटेत टेम्पो उलटला. रोहित गेला, टेम्पो भंगारात गेला. जीवन आता दुसऱ्याच्या दुकानात फळं निवडायला जातो. मागचं वर्ष दुखवट्याचं, म्हणून महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यंदा बसणार होत्या.

रोहितची बायको रश्मी ही माझी धाकटी जाऊ, तेल्हाऱ्याची. तिची मुलगी खुशी पहिलीत आहे. मला मूलबाळ नाही. खुशी मला मोठीआई म्हणते आणि झोपते ती माझ्याच अंगावर पाय टाकून. हे आधीच सांगून टाकते, कारण मी जे काही भांडले त्यात माझा स्वार्थ होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

रश्मी घर सोडून जाणार होती. विसर्जनाच्या दिवशी तिचा भाऊ कुलदीप तिला आणि खुशीला न्यायला येणार होता. "दिवाळी करून येतो ताई, दोनक महिन्यांत," असं ती म्हणायची. पण एका दुपारी मी मागच्या खोलीत गेले, तर ती आपलं शिलाई मशीन पोत्यात गुंडाळून सुतळीने बांधत होती. दोन महिन्यांसाठी माहेरी जाताना कुणी शिलाई मशीन नेत नाही. मी काही विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल, आम्ही तिला छळलं असेल. तसं असतं तर मला भांडायला सोपं गेलं असतं. तिला कुणी वाईट बोललं नाही. सगळे नुसतं 'राहू दे' म्हणायचे. तिने हळदीकुंकवाचं ताट उचललं की सासूबाई म्हणायच्या, "राहू दे रश्मी, माया नेईन." माया म्हणजे मी. शेजारच्या माणिकबाईंच्या नातवाच्या बारशाला ती पाळण्याला फुलं बांधायला लागली, तर माणिकबाई केवढ्या मायेने म्हणाल्या, "राहू दे वं बाई, कायले तरास घेतं." देवघरात राहू दे, ओटी भरताना राहू दे, तोरण लावताना राहू दे. आणि तेही इतक्या गोड आवाजात की उलट बोलायची सोय नाही. दीड वर्षात ती सरकत सरकत स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन पोचली.

आणि एके काळी आमच्या घरची सगळी सजावट याच बाईच्या हातची होती. तिला पैसा लागत नसे. जुन्या साड्यांचं मखर, मक्याच्या सालीची कमळं, केळीच्या खांबांच्या कमानी. आणि पाठीमागे छतापासून जमिनीपर्यंत कापसाच्या वस्त्रांचा पडदा. वस्त्र म्हणजे आपण देवाला वाहतो ती कापसाची माळ, थोड्या थोड्या अंतरावर ओल्या कुंकवाच्या बोटाने पीळ देऊन केलेली. दुसऱ्यांकडे ती हातभर असते. रश्मीने लग्नाच्या पहिल्याच वर्षी माहेरचा कापूस आणून लांबच लांब माळा केल्या आणि त्यांचा पडदा सोडला. गल्लीतल्या बायका दोन-दोनदा येऊन बघून गेल्या. कायद्याप्रमाणे तो पडदाही दरवर्षीचा झाला. जुना पडदा पुन्हा लावायचीही सोय नाही, देवावरून उतरलेलं वस्त्र परत चढत नाही.

सण आठवड्यावर आला आणि तेल्हाऱ्याहून कापसाचं गाठोडं आलं. कुलदीप दरवर्षी पाठवायचा, यंदाही पाठवलं. त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं. रश्मीने ते सोडलं आणि खाली बसून सरकी वेगळी करू लागली. खूप दिवसांनी तिचे हात भरभर चालताना दिसले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"राहू दे रश्मी. कुंकवाचं काम हाय थे. माया करीन."

रश्मीने कापूस खाली ठेवला, मांडीवरची सरकी गोळा केली आणि भाजी निवडायला आत गेली.

माया करीन म्हणे! माझ्या हाताला ते येतं होय? मी वाटीत कुंकू कालवलं, बोट बुडवलं, कापूस ओढला, तो तुटला. पुन्हा ओढला, तो चिकटून बसला. एवढ्यात खुशी शाळेतून आली आणि माझ्यासमोर बसून बघायला लागली.

"मोठीआई, हे उंदराचं शेपूट होय?"

"ताई," आतून रश्मीचा आवाज आला, "बोट लय ओलं नका करू. कापूस दबून राहिला."

तिला तिथून दिसतसुद्धा नव्हतं. माझ्या पुटपुटण्यावरून आणि खुशीच्या हसण्यावरून तिने ओळखलं. मला इतका राग आला की मी वाटी खाली आपटली. कुंकू फरशीवर सांडलं. मी तशीच लाल बोटांनी सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"पडदा जमत नाई मले. यंदा नाई मांडत."

"घटवता येत नाई, माया."

"अन् माणूस घटवता येते?" मी ओरडलेच. "नथ घटत नाई, परडी घटत नाई, पडदा घटत नाई. आमच्या दोघी जावांचे हात लागत होते महालक्ष्मीले. त्यातली एक तुमी कमी केली. थे चालते तुमच्या महालक्ष्मीले?"

सासूबाईंनी माळ खाली ठेवली. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण त्या हळूच बोलल्या.

"फुलोरा माह्या हातचा होता, तुले माहीत नाई. गावात नाव होतं. तुहे सासरे गेले अन् माही सासू म्हणे, राहू दे पार्बता. बस मांगं. मी बसलो. मी काई बोललो का?"

"बोला लागत होतं मंग."

त्यांनी माझ्या लाल बोटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कापूस तिनं ओढावा. कुंकवाचं बोट तुह्यं राहीन. तिनं कुंकवाले हात लावू नोको."

मला तेवढ्यानेही जग जिंकल्यासारखं झालं. मी आत जाऊन रश्मीला हाताला धरून बाहेर आणलं.

पुढचे दिवस आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलो. ती कापूस ओढून पुढे करायची, मी कुंकवाच्या बोटाने पीळ द्यायची, ती कापसाचा पुढचा पेळू ओढायची. पहिल्या दिवशी जमलं नाही, मग माझ्या बोटाला तिच्या हाताची चाल कळली. खुशी माळा उचलून दोरीवर टाकायची. जीवन दुकानातून डागी फळं घेऊन आला, मालकाने फुकटच दिली होती. आम्ही परड्या भरून बघितल्या. डागाची बाजू भिंतीकडे केली की राजाच्या घरची फळं वाटत होती. प्लास्टिकची जुनी फुलं मी रिठ्याच्या पाण्यात धुतली. लाइटची अर्धी माळ लागत नव्हती, ती अर्धी मखराच्या मागे दडवली. रश्मी हसली. दीड वर्षात मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

ती हसली म्हणून मला धीर आला. मी विचारून टाकलं, "मशीन कावून बांधलं?"

तिने हातातला पेळू ओढून पुरा केला. "तिथं ब्लाउज शिवीन, ताई. तिथं वहिनी म्हणते, हे कर, थे कर, बसून नोको राहू. इथं कोणी काई करूच देत नाई. दिवसभर हात मोकळे. मोकळे हात घेऊन बसलं की यांची याद येत राहते."

मी खाली मान घालून कुंकवात बोट बुडवलं. तिला काय सांगणार, की राहा, मी देते काम? सण झाला की कापूस संपणार होता.

पडदा टांगायला स्टुलावर तीच चढली. छताच्या कड्यांना तिने गाठी मारल्या. तेवढा वेळ सासूबाई अंगणात जाऊन बसल्या. बघितलं नाही म्हणजे घडलं नाही, असाही त्यांचा एक कायदा आहे.

महालक्ष्म्या यायच्या त्या संध्याकाळी ज्येष्ठा मी घेतली. कनिष्ठा दरवर्षी रश्मी घ्यायची. यंदा सासूबाईंनी माणिकबाईंना बोलावलं होतं. दारातून आत येताना आतून विचारायचं असतं, कोण आली, कशाच्या पावलांनी आली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी बसून विचारत होत्या आणि त्यांच्या मागे रश्मी भिंतीला टेकून उभी होती. माणिकबाईंनी कनिष्ठा वाकडी धरली होती. रश्मीचे हात नकळत पुढे आले आणि तिने ते पदरात घेतले. मी उत्तर द्यायचं विसरले. माणिकबाईंनीच मोठ्याने सांगितलं, "सोन्याच्या पावलांनी आली!"

आमच्या खोलीत त्या दोघी उभ्या राहिल्या आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागे पांढराशुभ्र कापूस, त्यावर लाल लाल ठिपके, पुढे डागी फळांच्या परड्या. कुणी म्हणालं नसतं की या घरात एकाच माणसाची कमाई आहे.

त्याच रात्री हळदीकुंकवाला बायका आल्या. जिच्या तिच्या तोंडी पडदा.

"कोणं केला वं एवढा?" माणिकबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आतून सासूबाईंचा आवाज आला, "मायानं केला."

स्वयंपाकघरात भांडं वाजायचं थांबलं. मला सगळं कळत होतं. सासूबाई रश्मीला वाचवत होत्या, स्वतःला वाचवत होत्या, सणाला गालबोट नको म्हणून बघत होत्या. पण मी हातातलं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं.

"मी नाई," मी म्हणाले. "रश्मीनं केला. मी नुसतं कुंकू लावलं."

माणिकबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग मुखवट्यांकडे. "चालते का असं?" त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. बायका लवकर उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाला ज्या यायच्या त्यातल्या बऱ्याच जणींना काही ना काही काम निघालं. सोळा भाज्या केल्या होत्या. आंबिलीचं पातेलं अर्धं तसंच राहिलं. जीवन पंगत वाढायला उभा होता, तो रिकाम्या पत्रावळी उचलून एकावर एक ठेवत बसला.

मला वाटलं होतं रश्मीला बरं वाटेल. ती भांडी घासताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "कावून सांगितलं, ताई? आता म्हणतीन, तिच्या हातानं वाईट झालं. पुढं या घरात साधी शिंक आली तरी माह्यावर येईन."

"येऊ दे. मी हाय."

"तुमी भांडान. मले नाई भांडणावर राहायचं."

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्या जिभेने होतं नव्हतं ते घालवलं होतं. आणि सासूबाई हळदीकुंकवापासून माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

विसर्जनाच्या दुपारी कुलदीप मित्राची गाडी घेऊन आला. चांगला मुलगा आहे, महालक्ष्म्यांना नमस्कार करून निमूट एका बाजूला बसला. रश्मीच्या पिशव्या दाराशी होत्या. खुशीने नवा फ्रॉक घातला होता आणि ती सारखी माझ्याकडे बघून परत आईकडे बघत होती.

मी मुखवटे हलवले, पुढच्या वर्षी या म्हटलं. आता आरास उतरवायची. परड्या काढल्या, माळा काढल्या. पडद्याशी आले तर गाठी सुटेनात. रश्मीची गाठ, तिची तिलाच सुटते. मी टाचा उंच करून ओढाताण करत होते. रश्मी सवयीने पुढे आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. ती सासूबाईंकडे बघत होती. तो शब्द ऐकायला उभी होती.

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. गुडघे दुखतात त्यांचे, उठताना कण्हतात. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी स्वतः ओढत आणलं आणि पडद्याखाली ठेवलं.

"ये," त्या म्हणाल्या. "तूच बांधलं, तूच सोड."

रश्मी स्टुलावर चढली. एकेक गाठ सुटत गेली आणि कापूस खाली येत गेला. तो जमिनीला लागू नये म्हणून सासूबाईंनी पदर पुढे केला. त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर, हातांवर कुंकवाचा रंग उतरला. त्या तशाच उभ्या राहिल्या.

कुलदीपला वाटलं, आटोपलं. मागच्या खोलीत जाऊन त्याने पोत्यात बांधलेलं मशीन खांद्यावर घेतलं आणि तो बाहेर आला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

"जड नाई मावशी, मी नेतो ना."

"राहू दे म्हणलं ना बापू." त्यांचा आवाज फाटला. "मी मांगं बसलो त बसलोच, मले कोणी ऊठ म्हणलं नाई. हिले मीनंच बसवलं. पुढच्या सालची कनिष्ठा रश्मीच आणीन. ज्याले या लागते त्यानं यावं, नाई त नाई. मले घरातलं घटवायचं नाई."

कुलदीप खांद्यावर मशीन घेऊन मध्येच उभा. रश्मी स्टुलावर, हातात शेवटची माळ. मी एकदाची गप्प होते.

"आई, आपुन जाऊन राहिलो ना?" खुशीने विचारलं.

"जाऊन राहिलो," रश्मी म्हणाली.

ती खाली उतरली. शेवटची माळ तिने सासूबाईंच्या पदरात ठेवली, वाकून पाया पडली. माझ्याही पडली. मी तिला उठवलंसुद्धा नाही. तिने खुशीचा हात धरला, एक पिशवी उचलली आणि ती उंबऱ्यापर्यंत गेली. मला वाटलं, संपलं.

उंबऱ्यावर ती वळली.

"दादा," ती कुलदीपला म्हणाली, "मशीन राहू दे."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे. मग मशीन जिथून उचललं होतं तिथे नेऊन ठेवलं.